शिवेवरची कोंबडी

वलगावात सुभद्रा नावाच्या चार बायका होत्या. एक पाटलांची, एक तेल्याच्या घरची, एक नदीकाठच्या मळ्यातली आणि चौथी 'कोंबडीवाली'. या चौथीनं उभ्या जन्मात कोंबड्या पाळल्या त्या मोजून अडीच महिने. भाकरी थापल्या पन्नास वर्षं. भावाची पाच पोरं न्हाऊमाखू घातली, भावजयीची बाळंतपणं काढली, कापूस वेचून वेचून बोटांची कातडी घालवली. त्यावरून तिला कुणी नाव ठेवलं नाही. गावानं लक्षात ठेवले ते तेवढे अडीच महिने. गावाची आठवण अशीच असते. माणसानं जे निभावलं ते विसरायचं आणि जे फसलं ते त्याच्या नावाला कायमचं चिकटवून द्यायचं.

सुभद्रा महादेवरावांची धाकटी बहीण. घर कुणब्याचं, तीन बैलजोड्यांचं, काळ्या जमिनीचं. बाराव्या वर्षी तिला अकोल्याच्या बाजूला दिलं. नऊ वर्षं झाली, मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी केली. त्या लग्नाचा स्वैपाक सुभद्रेनंच रांधला, आणि पुरणही बिघडू दिलं नाही. मग दिवाळीला भाऊ न्यायला आला, ती माहेरी आली, आणि सासरहून परत न्यायला कुणी आलंच नाही. पहिली दिवाळी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या दिवाळीनंतर तिच्याबद्दल कुणी विचारेनासं झालं. माहेरी आलेली बाई पाहुणी असते तोवर तिच्या ताटाशी पाट मांडतात. पुढं पाट जातो, मग ताटही शेवटचं होतं.

झोपायला तिला स्वैपाकघरात जात्याजवळची जागा मिळाली. तिथून चुलीकडं जायला दुसरी वाट नव्हती. म्हणून रोज पहाटे भावजय, जमुनाबाई, तिला ओलांडून चूल पेटवायला जायची. जमुनाबाई काही वाईट नव्हती. शिव्या देत नव्हती, उपाशी ठेवत नव्हती. पण रोज पहाटे तिच्या लुगड्याचा काठ सुभद्रेच्या तोंडावरून जायचा आणि पाऊल पलीकडं पडायचं. लहान लेकराला ओलांडलं तर वाढ खुंटते म्हणून बाया उलट ओलांडून परत येतात. सुभद्रेची वाढ खुंटायची राहिली नव्हती, त्यामुळं परत ओलांडायचं कारण नव्हतं. अकरा वर्षं हे चाललं. आपल्याला कुणी ओलांडणार नाही अशी हातभर जागा असावी, एवढीच तिची हाव होती.

अडतीस सालचा उन्हाळा. मध्यप्रांत-वऱ्हाडात नवं मंत्रिमंडळ येऊन वर्ष होत आलं होतं आणि जो तो खेड्याची सुधारणा करायला निघाला होता. अमरावतीचे मोरोपंत वकील त्यातलेच. चार मित्र जमवून त्यांनी 'ग्रामसुधार मंडळी' काढली होती. चरखा झाला, मधमाशा झाल्या, आता त्यांनी कोंबड्या हाती घेतल्या होत्या. म्हणजे हाती घेतल्या हे बोलण्यापुरतं. पंतांनी कोंबडीला हात लावला नव्हता आणि लावणारही नव्हते. मात्र 'नवशिक्यांसाठी कुक्कुटपालन' नावाचं आठ पानांचं गुलाबी पत्रक त्यांनी स्वतः लिहून छापून घेतलं होतं.

आषाढात ते टांग्यातून वलगावला आले. मागं बांबूच्या खुराड्यात सहा पांढऱ्याशुभ्र कोंबड्या आणि एक कोंबडा. लेगहॉर्न जात, पुण्याकडून मागवलेली. चावडीवर लोक जमले. पंतांनी छत्रीच्या टोकानं तुरा दाखवला, पिसं दाखवली, वर्षाला अंडी किती हे सांगितलं. मध्येच कोंबड्यानं पंख फडफडवले आणि पंतांच्या धोतरावर एक पीस येऊन बसलं. त्यांनी तेही छत्रीनंच झटकलं. लोकांनी कोंबड्या पाळाव्यात असं त्यांचं कळकळीचं मत होतं. आपण पाळाव्यात असं नव्हतं.

"पौषात अमरावतीला प्रदर्शन आहे," पंत म्हणाले. "या सातांचे एकवीस करून जो गृहस्थ आणील, तो व्यासपीठावर आमच्या शेजारी बसेल."

शेजारच्या खुर्चीचं नाव निघालं आणि महादेवराव उठले. त्यांच्या घरी कोंबडी कधी पाळली गेली नव्हती. खात होते. आखाडात मळ्यात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात. ते भांडंही मळ्यातच झाडाला टांगलेलं असायचं. पण कोंबड्या पाळायच्या त्या महारवाड्यात नाहीतर मुसलमानांच्या आळीत, ही गावाची रीत. आता गोष्ट वेगळी होती. या कोंबड्या वकिलांनी आणलेल्या, गोऱ्या रंगाच्या, पुण्याहून आलेल्या. त्यांना विटाळ नव्हता.

खुराडं घरी आलं. जमुनाबाईनं पदर नाकाला लावला. महादेवरावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि नजर बहिणीवर येऊन थांबली.

"सुभद्रे, हे तुले पाहा लागते."

सुभद्रेनं जन्मात पहिल्यांदा अट घातली. पंत ओसरीवर सुपारी कातरत बसलेले, त्यांच्यासमोर घातली.

"पाहातो मी, दादा. पन मले मळ्यातला कोठा द्या राहाले."

मळ्यातला कोठा म्हणजे बैलांचा जुना गोठा. आता रिकामा, विहिरीला लागून, पुढं बाभळीचं कुंपण. महादेवराव जरा चपापले. पण पंत ऐकत होते. पंतांसमोर हात आखडता घ्यायचा कसा?

"पौषात एकवीस पाखरं उभी कर," ते म्हणाले. "कोठा तुहा. जिती हायेस तोवर तुहा."

"वा! याला म्हणतात सुधारणा," पंत म्हणाले.

सुभद्रा त्याच दिवशी वळकटी घेऊन कोठ्यात गेली. जमीन सारवली, कुडाची भोकं कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांनी बुजवली, कोंबड्यांना बसायला आडवे बांबू बांधले. दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा ऊन दारात आलं होतं. तिला कळेना आपण इतका वेळ झोपलो कसे. मग लक्षात आलं, कुणी ओलांडलं नव्हतं. ती उगीचच आणखी थोडा वेळ पडून राहिली, हातपाय चांगले लांब पसरून.

कोंबड्यांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पत्रक वाचता येत नव्हतं. शिकवलं ते गंगूबाईनं. गंगूबाई महारवाड्यातली, साठीला टेकलेली, हाडानं चिवट. तिच्या घरी तीसेक कोंबड्या होत्या आणि एकेकीचा स्वभाव तिला लेकीबाळींसारखा ठाऊक होता. शेण-काड्या वेचायला ती मळ्याच्या अंगानं यायची आणि कुंपणाच्या पलीकडून बोलायची.

"बाई, पानी गंजात नोका ठेवू. पसरट परळात ठेवा, नाईतं बुडून मरते. अन् कोपऱ्यात राख टाका. राखंत लोळल्या का उवा जाते."

"एवढं कुठून शिकली व तू गंगू?"

"कोंबडीच शिकवते. तिच्यापाशी बसा लागते."

पांढऱ्या कोंबड्यांना गंगूबाई 'मडमा' म्हणायची आणि त्यांच्याकडं बघून खुदकन हसायची. ऊन चढलं की पाणी मागायची. मग सुभद्रा कुंपणावरून तांब्या कलता करायची आणि गंगूबाई खाली वाकून ओंजळीनं प्यायची. तांब्या ओंजळीपासून वीतभर वर. दोघींनाही त्यात वावगं वाटत नव्हतं. निदान सुभद्रेला वाटत नव्हतं. गंगूबाईला कुणी विचारलं नव्हतं.

श्रावणात मडमा अंडी घालू लागल्या. पांढरी, मोठी, स्वच्छ अंडी. सुभद्रेनं ती टोपल्यात कापसावर ठेवली आणि कोंबडी बसायची वाट पाहिली. एकही बसेना. अंडं घालायचं, कोकलून गाव गोळा करायचं आणि चालू लागायचं. सुभद्रेनं एकीला अंड्यांवर ठेवून वरून डालगं झाकलं. तिनं आत थयथयाट करून तीन अंडी फोडली.

"ह्या नाई बसत बाई," गंगूबाई म्हणाली. "यायची जातच नाई बसाची. देशी खुडूक पाहिजे."

सुभद्रा भावाकडं गेली. महादेवरावांनी चष्मा लावला आणि पत्रक मोठ्यानं वाचलं. वाचन त्यांना आवडायचं, ऐकणारं कुणी असलं तर. पाचव्या पानावर होतं: 'परदेशी कोंबडी खुडूक बसत नाही. सबब देशी खुडूक कोंबडी मिळवावी. तिची खूण अशी की ती पिसे फुलवून एके जागी स्वस्थ बसते, डोळे अर्धवट मिटलेले असतात, दाण्यापाण्याकडे लक्ष देत नाही व उचलली असता पळून जात नाही.'

सुभद्रेनं ते तीनदा वाचायला लावलं आणि पाठ केलं. सहाव्या पानापर्यंत वाचून झालं. पुढं मोठ्या अक्षरात 'रोग व उपाय' असं होतं.

"चांगल्या कामात रोगाचं काहून वाचा?" म्हणून महादेवरावांनी पत्रक मिटलं आणि कोनाड्यात गणपतीच्या मागं ठेवून दिलं. ते पान पुढं उघडलं गेलं ते सगळं संपल्यावर.

दुसऱ्याच दिवशी गंगूबाई आपणहून म्हणाली, "माही तांबडी खुडूक झाली. घेऊन जा बाई. पिलं निघाले का परत देजा. मले काई नोको."

सुभद्रेला हर्ष मावेना. धावतच घरी गेली. महादेवराव जेवत होते. ऐकून हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"महारवाड्यातली कोंबडी माह्या कोठ्यात? अन् तिच्याखालून निघालेली पिलं मी प्रदर्शनात नेऊ? पंताच्या पुढं?"

"दादा, कोंबडीले काय..."

"कोंबडीले नाई, मले हाये. थे आली तं तू कोठ्यातून निंगून ये."

सुभद्रा परत मळ्यात आली आणि कुंपणाशी उभी राहिली. गंगूबाईला तिनं सांगितलं नाही की भाऊ काय म्हणाला. गंगूबाईला सांगायची गरजही नव्हती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मंग अंडे द्या माह्यापाशी. माह्या घरी बसवतो. एकवीस दिवसानं पिलं आनून टाकतो गुपचूप. कोनाले समजते?"

यात सुभद्रेचं सगळं मिटत होतं. तरी ती नाही म्हणाली. "दादाले समजलं तं कोठा जाते, गंगू." ते खरंच होतं. पण पुरतं खरं नव्हतं. त्या घरात, त्या मातीवर फुटलेली अंडी आपल्या कोठ्यात येणार, हे तिच्याही मनाला कुठंतरी खुपलं. महादेवरावांची बहीण होती ती. ज्या घरात तिला जात्याजवळ टाकली होती, त्या घराचा मोठेपणा मात्र तिच्याही अंगात भिनलेला होता. याचं करायचं काय?

गंगूबाई "बरं" म्हणाली आणि काड्यांचा भारा उचलून गेली. चार दिवसांनी ती पातूरला लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली. जाताना मात्र तांबडी तिनं आपल्याच अंड्यांवर बसवली.

पोळा झाला. भादवा लागला. पेढी नदीच्या पलीकडच्या गावात पटकीनं माणसं मरू लागली. त्या गावानं रीतीप्रमाणं मरीमायचा गाडा काढला आणि पेढी ओलांडून वलगावच्या शिवेत आणून सोडला. आपल्या गावची साथ दुसऱ्याच्या शिवेत ढकलून यायची, मग त्यानं ती तिसऱ्याच्या शिवेत ढकलायची, अशी ही वहिवाट. एकेकाळी देवीचा पाहुणचार म्हणून असेल. आता शेजाऱ्याच्या दारात घाण लोटण्यासारखंच झालं होतं.

गाडा सोडला होता तो महादेवरावांच्या मळ्याच्या बांधालाच लागून. सकाळी सुभद्रा परसाकडून येताना थबकली. हातभर लाकडी गाडा, त्यावर हिरव्या बांगड्या, लिंबू, कुंकू, खणाचा तुकडा. आणि चाकाला काथ्यानं पायात बांधलेली, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची एक कवडी कोंबडी.

कोंबडी पिसं फुलवून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले. पुढ्यात ज्वारी सांडली होती, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. सुभद्रा जवळ गेली तरी ती हलली नाही. दोन्ही हातांनी उचलली तरी पळायला बघेना. पाठ केलेल्या पाचव्या पानातलं वाक्यन् वाक्य त्या कोंबडीत उतरलं होतं.

सुभद्रेला कोठ्यातलं टोपलं आठवलं. टोपल्यात पंधरा अंडी होती, त्यातली निम्मी जुनी होत चालली होती. पंधरा पिलं आणि आधीची सात, मिळून बावीस. एखादं दगावलं तरी एकवीस. नवशिक्याचं गणित असंच असतं. तिनं गाड्यापुढं हात जोडले. "माय, तुही कोंबडी बसवाले नेतो. पिलं निघाले का परत आनून सोडतो. माह्यावर कोपू नोको." आणि काथ्या तोडला.

लपवून ठेवायचं तिला जमेना. घरी सांगितलं. जमुनाबाईनं दोन्ही गालांवर मारून घेतलं. "देवीच्या गाड्यावरची? सुभद्राबाई, घरावर काहून आनता हे?"

महादेवराव मात्र दोन महिने पंतांच्या संगतीत होते. ते हसले. "देवी-गिवी सब झूट हाये. हे अडानीपनच आपल्याले सोडाचं हाये, असं पंत म्हनते." मग त्यांनी विचारलं, "कोनाची होती थे कोंबडी?"

"काय मालूम. पलीकडच्या गावची असंन."

"कोनाच्या घरची थे मालूम नाई ना?"

"नाई."

"मंग ठीक हाये. बसव."

असा झाला निवाडा. जिचं घर ठाऊक होतं ती तांबडी नको झाली आणि जिचं घर कुणालाच ठाऊक नव्हतं ती कवडी चालली. महादेवरावांची सुधारणा देवीपर्यंत जाऊन पोचली होती, गंगूबाईपर्यंत पोचायची होती. ती कधीच पोचली नाही.

सुभद्रेनं कवडीला पंधरा अंड्यांवर बसवलं. कवडी बसली. दोन दिवस जागची हलली नाही, दाणा टिपला नाही. सुभद्रेला पत्रकाचं कौतुक वाटलं. वकील माणूस, कुठं अमरावतीला बसून, पण काय नेमकं लिहून गेला. कोंबडीखाली हिरवं पाणी दिसलं तेव्हा तिला वाटलं, रानातला पाला खाल्ला असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी डालगं उचललं तर कवडी अंड्यांवरच कलंडलेली. मान मुरडून पाठीवर गेलेली, चोच वर. खाली अंडी अजून उबदार होती. सुभद्रेनं ती पदरात घेतली आणि बराच वेळ तशीच पोटाशी धरून बसली.

दोन-तीन दिवस गेले आणि पांढऱ्यांतली एक कोपऱ्यात जाऊन पिसं फुलवून बसली. डोळे अर्धे मिटलेले. आणि काय सांगावं, सुभद्रेला क्षणभर आनंद झाला. तिला वाटलं, मडम खुडूक झाली! तिनं घाईनं अंड्यांचं टोपलं तिच्याजवळ सरकवलं. दुपारी कोंबडा चोच उघडून घरघर करू लागला आणि संध्याकाळी त्याची मान वळली, तेव्हा तिला कळलं. शेजारची एक म्हातारी दारातूनच म्हणाली, "मानमोडी हाये व माय. राहात नाई आता एकबी."

सुभद्रेनं हळद चारली, लसूण चारला, राख फुंकली. पातूरला गंगूबाईकडं निरोप धाडावा असं तिच्या मनात दहादा आलं. पण निरोप घेऊन कोण जाणार आणि कुठल्या तोंडानं धाडायचा? सातातले चार गेले. तीन उरल्या, त्याही मलूल.

महादेवराव कोठ्यात आले. नाकाला उपरणं लावून त्यांनी त्या तिघींकडं पाहिलं. कोंबड्या आपल्या जागेत मेल्या असं पंतांच्या कानावर जायला नको होतं. जित्या असताना देऊन टाकल्या असं गेलं तर चालणार होतं. उलट बरंच दिसणार होतं.

"ह्या तीन गंगूच्या घरी पोचवून दे," ते म्हणाले. "आमच्याकडून बक्षीस म्हना. जित्या हाये तोवर दे."

"दादा, बिमार हाये त्या. तिच्या घरी तीस पाखरं हाये."

"त्यायले चालते. खाऊन टाकते."

हे बोलून ते निघून गेले. मेलेलं ढोर महारवाड्यात जायचं ही गावाची रीत होतीच. त्यांच्या लेखी त्यात कोंबडीची भर पडली, एवढंच.

सुभद्रेला मळ्यात खड्डा करता आला असता. कुदळ कोठ्यातच होती, जमीन पावसानं मऊ होती. पण भावाचा शब्द मोडला तर कोठ्याचं काय होईल हा विचार अजून तिच्या डोक्यातून गेला नव्हता. कोठ्यात आता उरलं होतं काय? तरी माणूस आशेला चिकटतं. तिनं तिन्ही कोंबड्या डालग्यात घातल्या, डोक्यावर घेतल्या आणि महारवाड्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

गंगूबाईची सून धावत आली. पांढऱ्या कोंबड्या बघून तिचा चेहरा फुलला. "आमाले दिल्या? माय व! आत्याबाई जाच्या आधी रोज नाव काढे ह्यायचं. कापत नाई बाई मी ह्या. आत्याबाई आल्या का दाखवतो त्यायले."

'कापून टाक, तुमच्यात मिसळू नको,' असं सांगायला सुभद्रेनं तोंड उघडलं. पण तसं सांगायचं तर आम्ही तुम्हाला आजारी कोंबड्या दिल्या हेही सांगावं लागत होतं. तिनं तोंड मिटलं. सून डालगं रिकामं करून देताना हसत होती.

आठवड्यानं मोरोपंत आले. कोठ्याच्या बाहेरच छत्री टेकून उभे राहिले. सगळं ऐकून त्यांनी गणपतीमागचं पत्रक मागवलं, सातवं पान उघडलं आणि वाचून दाखवलं: 'आजारी पक्षीही पिसे फुलवून डोळे मिटून बसतो. नवशिक्याने यात गल्लत करू नये.'

"हे इथं स्पष्ट छापलं आहे, सुभद्राबाई."

"मले वाचता येत नाई, पंत."

"मग विचारायचं होतं."

विचारायचं कुणाला, हे तिनं विचारलं नाही. महादेवराव शेजारीच उभे होते, विहिरीकडं बघत. पुढं पत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली. तीत एक ओळ वाढली होती: 'खेड्यातील बायकांच्या अज्ञानामुळे काही ठिकाणी प्रयोग फसला.' पौषात महादेवरावांना खुर्ची मिळाली, पहिल्या ओळीत नसली तरी व्यासपीठावर. गरिबांना पक्षी वाटून दिल्याबद्दल पंतांनी त्यांचं नावही घेतलं.

पण कोठ्याचा निकाल त्याच्या आधी, आश्विनातच लागला. "सरकी ठेवाले जागा नाई," महादेवराव म्हणाले. "तू घरी येऊन जाय." सुभद्रा वळकटी बांधत होती, तेव्हा कुंपणापलीकडं गंगूबाई उभी होती. पातूरहून येऊन तिला दोनच दिवस झाले होते. ती नेहमीसारखी आधी बोलली नाही. सुभद्रा कुंपणाशी गेली.

"शिवेवरची होती म्हनते थे कोंबडी," गंगूबाई म्हणाली.

"हो."

"मी अठी असती तं सांगतलं असतं तुमाले. मायले चांगली कोंबडी कोन देते वो बाई? जे घरात मरून राहिली थेच नेऊन बांधते. सारेच बांधते. आमीबी."

सुभद्रा कुंपणाची एक वाळकी काटकी मोडू लागली.

"अन् त्या तीन मडमा बिमार होत्या, हे मालूम होतं ना तुमाले?"

सुभद्रेनं पदर कपाळावर पुढं ओढला.

"एकतीस पाखरं होते. एकबी नाई राहालं. तांबडीखाली अकरा पिलं निघाले होते, थेबी गेले." गंगूबाईच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सुभद्रेला सोसला असता. "एक खड्डाच कराचा होता बाई. हातभर खड्डा."

ऊन चांगलंच तापलं होतं. गंगूबाईच्या कपाळावरून घाम ओघळत होता. सुभद्रेला काहीतरी द्यावंसं वाटलं आणि तिच्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं. तिनं तांब्या उचलला. "उन्हाची आली व गंगू. पानी पे." आणि सवयीनं तिचा हात वर गेला, तांब्या वीतभर उंचीवर कलता झाला.

गंगूबाईनं ओंजळ पुढं केली नाही. पाण्याची धार बाभळीच्या काट्यांवरून मातीत गेली.

"नोको," ती म्हणाली. "आता मले तुमचं पानी नाई चालत."

ती वळली आणि काड्या न वेचताच गेली. पुढल्या वर्षी पातूरहून तिनं पुन्हा कोंबड्या आणल्या, पुन्हा वाढवल्या. पण मळ्याच्या अंगानं ती परत कधी आली नाही. शेणासाठी लांबून, नदीकडून जायची.

त्या संध्याकाळी सुभद्रेनं जात्याजवळ वळकटी पसरली. पहाटे जमुनाबाई उठली, केस बांधत चुलीकडं निघाली. लुगड्याचा काठ सुभद्रेच्या तोंडावरून गेला. सुभद्रा जागीच होती. तिनं पाय थोडे पोटाशी ओढून घेतले, भावजयीला ओलांडायला सोपं जावं म्हणून.